आधी रोजकीर्द उघडा
वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : आदरणीय बाई, सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात आमचं महिला मंडळ आहे. पुढच्या वर्षी त्याला साठ वर्षं पूर्ण होतील. स्मरणिका काढायचं ठरलंय आणि इतिहासाचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. कपाटात फोटोंचे अल्बम आहेत आणि जुन्या वह्यांचं एक गाठोडं. आमच्या नव्या सभासद मुली म्हणतात, "काकू, हळदीकुंकू, भिशी आणि पापड, याशिवाय यात आहे काय? दोन पानांत उरकून टाका." मला ते पटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, अल्बम पुन्हा कपाटात ठेवा. त्यात हार, नारळ, माइक आणि पाहुणे सापडतील. त्या दिवशी आत शंभर कप चहा गाळणारी बाई एकाही फोटोत नसेल. गाठोडं सोडा. त्यात इतिवृत्ताची वही, म्हणजे आपलं प्रोसिडिंग बुक, असेल आणि रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, असेल. बहुतेक जणी प्रोसिडिंगपासून सुरुवात करतात. तुम्ही रोजकीर्दीपासून करा. प्रोसिडिंगमध्ये सगळं 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' झालेलं असतं. भांडणं, माघारी, रुसवे सगळे त्या एका ओळीखाली गाडलेले. खर्चाच्या वहीला असं गोड बोलता येत नाही.

मी एका मंडळाची खजिनदार होते, म्हणून सांगते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आमच्या प्रोसिडिंगात एकच वाक्य आहे : 'दुष्काळग्रस्तांना मदत करण्याचे ठरले.' रोजकीर्दीत मात्र गूळ, शेंगदाणे, दळणाचे पैसे, पुन्हा गूळ, पुन्हा दळण, अशी पानंच्या पानं आहेत. दुष्काळी कामांवर तेव्हा सरकारकडून सुकडी, म्हणजे तयार कोरडा खाऊ, वाटली जायची आणि रेशनला तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायची. मिलोची भाकरी पोरांच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून बायका तिच्यात गूळ घालून काहीबाही करून द्यायच्या. हे मला जुन्या सभासदांनी सांगितलं, पण कधी? मी वही घेऊन जाऊन 'हा गूळ कशाला हो?' असं विचारलं तेव्हा. नुसतं 'आठवणी सांगा' म्हटलं असतं तर 'आम्ही खूप काम केलं' यापलीकडे काही मिळालं नसतं.

तसंच १९९३ चं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरही हललं होतं. जखमी आपल्याकडच्या दवाखान्यांत आले. आमच्या वहीत त्या आठवड्यात गहू, रिक्षाभाडं आणि 'लुगडी' अशा नोंदी आहेत. पोळ्या आणि रिक्षा कुणालाही सुचतील. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका नऊवारीतल्या, त्यांना मदतीत आलेले गाऊन कसे चालतील, हे मात्र वॉर्डात जाऊन बसलेल्या बाईलाच कळतं. मंडळांच्या इतिहासात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते आणि नेमकी तीच स्मरणिकेत येत नाही. स्मरणिकेत येतो तो धनादेश कुणाच्या हस्ते दिला त्याचा फोटो.

आता तुमच्या मुलींच्या हळदीकुंकवाबद्दल. त्यांना म्हणावं, हसा, पण आधी बघा. बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं, तेव्हा हळदीकुंकू हे कुणी अडवू न शकणारं कारण होतं. स्वातंत्र्य चळवळीतल्या बायकांच्या सभासुद्धा त्या नावाखाली भरल्या आहेत. आपल्याकडे तर संक्रांत ते रथसप्तमीचा काळ आणि सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, एकाच वेळी येतो. घरोघरी वाण लुटणाऱ्या बायकाच होम मैदानावर स्टॉल लावून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायच्या. त्या विक्रीचे पैसे जूनमध्ये कुणाच्या तरी शाळेच्या फीला जायचे. जानेवारीतली जमा आणि जूनमधला खर्च शेजारी ठेवून वाचा, म्हणजे पापडाचं काय व्हायचं ते मुलींना दिसेल.

पण हळदीकुंकवाची दुसरी बाजूही लिहा, ती टाळू नका. विधवा बायकांना आमंत्रण कधीपासून गेलं? तसा ठराव झाला का? कुणी मांडला, कुणी त्या सभेला आलंच नाही? हे तुमच्या वहीत सापडलं तर लेखातलं अर्धं पान त्याला द्या. साठ वर्षांत तसा ठराव झालाच नसेल, तर तेही छापा. स्मरणिकेत जाहिराती देणारे त्याने पळून जाणार नाहीत.

मंडळ कुठल्या परंपरेत बसतं हे दाखवायचं असेल तर थोडक्यात दाखवा, पाच पानं भरू नका. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथे प्रौढ बायकांना लिहायला, शिवायला, नर्सिंग करायला शिकवलं जाई. पोटापुरतं शिक्षण आणि चार जणींची सोबत हा पुढच्या बहुतेक मंडळांचा नमुना तिथला आहे. आपल्या सोलापुरातली सेवासदन शाळा त्याच झाडाची फांदी. १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. दुसरा प्रवाह साहेबी. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने १८८५ मध्ये फंड निघाला, स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून. डफरीन चौकात रोज सिग्नलला थांबणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे कोण जाणे.

हे दोन प्रवाह सांगायचं कारण असं की सोलापुरात दोन्ही प्रकारची मंडळं झाली. एक अधिकाऱ्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या बायकांची, बदली झाली की अध्यक्ष बदलणारी. दुसरी पेठेतली, गल्लीतली. १८७७ मध्ये इथे 'जुनी मिल' म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गिरणगाव. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, घरातल्या पुरुषाचा पगार थांबला आणि गल्लीतल्या मंडळाची भिशी एकदम महत्त्वाची झाली. चिठ्ठीत नाव कुणाचंही येवो, पहिला नंबर जिच्या घरी अडचण तिला, असा अलिखित नियम मी अनेक ठिकाणी पाहिला. याची नोंद कुठल्याच वहीत नसते, म्हणून ते आजच विचारून घ्या. सांगणाऱ्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. आणि दुपारी जा, संध्याकाळी त्या सिरियल सोडत नाहीत.

नावांचं एक काम राहतंच. जुन्या वह्यांत बायकांची नावं 'सौ. वकील', 'सौ. मामलेदार', 'सौ. गिरणीवाले' अशी सापडतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणीची कागदपत्रं असतात. तिथून परिशिष्ट एकचा उतारा काढा, विश्वस्तांची पूर्ण नावं आणि मंडळाचे मूळ उद्देश त्यात मिळतील. साध्या सभासदांसाठी मात्र घरोघर फिरावं लागेल. प्रत्येकीचं स्वतःचं नाव छापा, नवऱ्याच्या हुद्द्याशिवाय. जुन्या कार्यक्रमांच्या तारखा जुळत नसतील तर जुनी वर्तमानपत्रं चाळायला मिळतील का, हे हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून पाहा.

आणि जिला मदत दिली तिचं नाव छापू नका. शिलाई मशीन स्वीकारताना काढलेला, मान खाली घातलेला फोटोही नको. तिची मुलं आज कुठे इंजिनिअर असतील, त्यांना तो का दाखवायचा? तिने स्वतःहून लिहून दिलं तर आनंदाने घ्या.

प्रश्न : आमच्या मंडळाने देणगीतून शिलाई मशिनं घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात मोफत शिवणक्लास सुरू केला. पहिल्या महिन्यात गर्दी झाली, आता चार-पाच जणी येतात. बायकांनाच शिकायची इच्छा नाही असं आमच्या अध्यक्षांचं मत झालं आहे. क्लास बंद करावा का?

उत्तर : क्लासची वेळ काय ठेवलीत ते लिहिलं नाहीत, पण दुपारची असणार. पैजच लावते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बायका विड्या वळतात. सकाळी वळलेला माल कारखान्यात द्यायचा, त्यातली छाट, म्हणजे नापसंत विड्या, निघाली तर बोलणी खायची, नवीन पानं-तंबाखू घेऊन घरी यायचं, पानं भिजवून कापायची आणि मग बसायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तुमच्या क्लासमध्ये बसलेले दोन तास तिच्या हजारातून वजा होतात. तेव्हा तो क्लास मोफत नाहीच, ती दोन तासांची मजुरी भरून येते आहे. इच्छा वगैरे नंतर.

वेळ त्यांना विचारून ठरवा. नळाला पाणी यायचा दिवस सोडा. आपल्या गावात हे वेगळं सांगायला नको, पण मंडळं विसरतात. तिथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, शिकवणारीही तेलुगू बोलणारी असेल तर निम्मं काम होईल. आणि काय शिकवता तेही बघा. पायमशीनवर ब्लाउज-परकर शिकून फार तर गल्लीतलं काम मिळेल. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, त्यांना ज्यूकी (कारखान्यातलं विजेवरचं शिलाई मशीन), ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणं) आणि काजबटण येणाऱ्या बायका हव्या असतात. एखाद्या कारखानदाराकडे जुनी ज्यूकी मागून बघा आणि शिकणारीला पहिल्या महिन्यापासून थोडे पैसे मिळतील असं सुटं काम आणा. अध्यक्षांना एक दिवस एखाद्या विडी कारखान्याच्या रांगेत नेऊन आणा. मग मत ठेवू दे त्यांना काय ठेवायचं ते.

प्रश्न : मंडळाच्या अध्यक्षा वारल्या, सचिव मुलाकडे पुण्याला गेल्या. बँक सह्या बदलून देत नाही. खात्यात विद्यार्थिनींच्या मदतीचा निधी अडकला आहे.

उत्तर : बँकेशी भांडून उपयोग नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली द्यावा लागतो. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि अध्यक्षांचा मृत्यूदाखला लागेल. सचिवबाईंचा राजीनामा लेखी घ्या, फोनवरचा चालत नाही. मागच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट भरले नसतील तर तेही बाहेर काढतील, म्हणून आधी सीएकडे जा. आणि यात जूनच्या फीची तारीख हुकणार असेल, तर तोपर्यंत सभासदांनी वर्गणी काढून ती भरा, मुलींना थांबवू नका.