व्हिसाची तारीख उलटली, आता मी बेकायदेशीर?

हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा कानावर येतो की स्क्रीनवर चेहरा उमटताच मला तो ओळखू येतो. मूल अमेरिकेत, आईवडील इथे आणि पासपोर्टवरच्या एका तारखेने दोन्हीकडची झोप उडालेली. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये तिकडे हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे सरकारच्या संगणकातल्या त्यांच्या विद्यार्थी म्हणून असलेल्या नोंदी, अचानक रद्द झाल्या. न्यायालयात प्रकरणं गेल्यावर त्यातल्या बऱ्याच पूर्ववत झाल्या, पण धसका राहिला तो राहिलाच.

सोलापूरची एक मुलगी ओहायोत पीएचडी करते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाच वर्षांचा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा मे महिन्यात संपला आणि जूनमध्ये ती माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनासाठी आली. बाहेर जाणं बंद, पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलायचा, प्रबंधाचं एक पानही पुढे नाही.

"मॅडम, मी इथे बेकायदेशीर राहतेय."

"असं कुणी सांगितलं?"

"पासपोर्टवरच लिहिलंय की."

"काय लिहिलंय, शब्दन् शब्द वाच."

तिने तारीख वाचली.

"आणि त्यापुढे 'देश सोडा' असं आहे?"

बराच वेळ काही नाही. मग, "नाही."

घटनेपेक्षा त्या घटनेवर आपण मनात जे वाक्य लिहितो तेच माणसाला जास्त पोळतं, हे मानणाऱ्यांतली मी. त्यामुळे धीर देण्याची घाई मी करत नाही. 'काही होत नाही गं' हे मैत्रिणी सांगतातच, आणि त्याचा असर फोन ठेवेपर्यंतच टिकतो. मी तिला तीन कागद काढून ठेवायला सांगितले आणि प्रत्येकासमोर 'हा मला कशाची परवानगी देतो?' एवढंच लिहायला लावलं.

पुढच्या भेटीत तिनेच मला समजावलं. व्हिसा असतो तो अमेरिकेच्या दाराशी जाऊन प्रवेश मागण्यासाठी. आत आल्यावर किती राहायचं ते ठरतं आय-94 वर, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर. विमानतळावरचा अधिकारी तिथे कोणत्या वर्गात प्रवेश दिला ते नोंदवतो. तिच्या नोंदीत वर्ग होता एफ-1 आणि मुदतीच्या जागी तारीख नव्हतीच, 'डी/एस' होतं, म्हणजे विद्यार्थी म्हणून स्टेटस (कायदेशीर दर्जा) टिकून आहे तोवर. आत असताना व्हिसा संपला म्हणून हे स्टेटस जात नाही. हे सांगताना तिचा आवाज मोकळा होत गेला. मग तिने तिसरा कागद उचलला, आय-20, म्हणजे अभ्यासक्रम कधीपर्यंत आहे ते सांगणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र.

"मॅडम, ही मुदत तर ऑगस्टची आहे."

"आणि प्रबंध?"

"अजून वर्ष तरी लागेल."

इतक्या वर्षांच्या कामात मला जे थोडंफार उमगलंय, ते त्या क्षणी समोर होतं. तिची भीती खोटी नव्हती, ती चुकीच्या तारखेवर पहारा देत होती. पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागचं दार सताड उघडं. आय-20 ची मुदत संपण्याआधी ती वाढवून घेतली नसती तर स्टेटस खरोखरच गेलं असतं, आणि ते परत मिळवणं किचकट आणि बेभरवशाचं. महिनाभर जागून काढलेल्या रात्रींत या तारखेकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. चिंता माणसाला सावध करते असं आपण मानतो. माझा अनुभव असा, की ती एकाच जागी टक लावून बसवते.

त्याच आठवड्यात ती विद्यापीठातल्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. गाइडचं पत्र आणि खर्चाची तजवीज दाखवल्यावर नवा आय-20 मिळाला.

राहिला बहिणीच्या लग्नाचा प्रश्न, डिसेंबरचा. इथली भीती मात्र खरी होती. देशाबाहेर पडलं की परतण्यासाठी व्हिसाचा नवा शिक्का हवा, म्हणजे मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि 221(जी) लागली, म्हणजे आणखी तपासणीसाठी अर्ज थांबवून ठेवला, तर किती दिवस अडकणार ते कुणी सांगू शकत नाही.

"नाहीच मिळाला तर?" ती म्हणाली.

"तर काय होईल? शेवटपर्यंत सांग."

'सगळं संपेल'पासून सुरुवात झाली. बोलता बोलता ते 'एक सत्र बुडेल, स्टायपेंड थांबेल, गाइड चिडतील' इथवर उतरलं. हे वाईटच, पण मोजता येण्याजोगं. तिने मोजलं आणि न जायचं ठरवलं. आई रागावली. ते स्वाभाविक होतं, आणि तो राग शमवणं मुलीचं काम नव्हतं हेही आम्ही बोललो.

मी वकील नाही. नियमांचं डीएसओला विचारा, गुंता असेल तर इमिग्रेशन वकिलाला. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोनला विचारू नका, तिथे प्रत्येकजण स्वतःची भीती तुमच्या कागदावर वाचतो. दर वेळी अमेरिकेत शिरल्यावर आय-94 उतरवून घ्या आणि वर्ग बरोबर पडलाय ना ते बघा. एफ-1 ऐवजी भलताच पडला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. 'डी/एस'ही गृहीत धरू नका. ती पद्धत बंद करून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव तिथल्या गृहसुरक्षा खात्याने ऑगस्ट 2025 मध्ये मांडला होता. तुमच्या नोंदीवर जे छापलंय तेच तुमचं.

आईवडिलांना एक विनंती. रोज 'व्हिसाचं काय झालं?' विचारू नका. 'आय-20 कधीपर्यंत आहे?' एवढं एकदा विचारा, कालनिर्णयवर खूण करा आणि नंतर जेवणाखाणाचं, हवापाण्याचं बोला.

आणि पदवीदानाला जाणार असाल तर हाच घोटाळा उलट्या बाजूने तुमचा होऊ शकतो. 'दहा वर्षांचा व्हिसा आहे, राहू की आरामात' असं म्हणणारे बाबा मला दर हंगामात भेटतात. पर्यटक म्हणून गेलेल्यांच्या आय-94 वर नेमकी तारीख असते, बहुधा सहा महिन्यांची. परतीचं तिकीट त्याआधीचं काढा.