पीजी_वॉलला हात लावू नका, आधी स्लॉट बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. पोस्टग्रेस डेटाबेस, आवृत्ती 15, डिस्क 96 टक्के भरलेली, त्यातले 180 जीबी एकट्या पीजी_वॉल फोल्डरात, आणि सपोर्टवाले तिकिटावर 'जुन्या लॉग फाइली डिलीट करा' असं लिहून मोकळे. करू नका. नेहमीच्या अर्थाने त्या लॉग फाइली नाहीतच. डेटातला प्रत्येक बदल आधी त्यांच्यात लिहिला जातो, आणि क्रॅश झाल्यावर डेटाबेस त्यांच्याच जोरावर उभा राहतो. एक फाइल 16 एमबीची, म्हणजे तुमच्याकडे साडेअकरा हजार साठल्यात. एवढ्या उगाच साठत नाहीत, कुणीतरी अडवून धरल्यात.

पीजी_रिप्लिकेशन_स्लॉट्स हा व्ह्यू बघा. स्लॉट म्हणजे नक्कल घेणाऱ्या सर्व्हरला (रेप्लिकेला) अजून न मिळालेल्या फाइली राखून ठेवणारी नोंद. ॲक्टिव्हखाली एफ (सध्या कुणी वापरत नाही) आणि रिस्टार्ट_एलएसएन (कुठपासूनच्या फाइली राखायच्या ती खूण) फार मागे, असा स्लॉट दिसला तर बहुतेक तोच चोर. कुणाचा आहे ते टीममध्ये विचारा (डेबेझियमचा, म्हणजे डेटातले बदल दुसऱ्या सिस्टिमकडे पाठवणाऱ्या टूलचा, निघाला तर तिकडे स्नॅपशॉट पुन्हा घ्यावा लागेल), मग पीजी_ड्रॉप_रिप्लिकेशन_स्लॉट आणि एक चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिण्याची कमांड). फाइली पोस्टग्रेस स्वतः काढेल. स्लॉट नसेलच तर आर्काइव्ह_कमांड (या फाइलींची दुसरीकडे प्रत ठेवणारी कमांड) फेल होतेय का पाहा. बाकी तुम्हाला माहीत असेलच.

आता माझं. 2019, आवृत्ती 9.6, दूध संकलनाचं सॉफ्टवेअर. रिपोर्टसाठी कुणीतरी ट्रायल म्हणून रेप्लिका उभी केली, महिन्याभराने ते मशीन बंद केलं, स्लॉट तसाच राहिला. एका रात्री डिस्क भरली, सर्व्हर पडला. वर्षाचे पैसे मोजून घेतलेला सपोर्ट होता, करारात 'पहिला प्रतिसाद एका तासात'. एका तासात आला तो ऑटोमॅटिक मेल! माणूस फोनवर आला पावणेतीन तासांनी. म्हणाला, एक्सलॉग (पीजी_वॉलचं जुनं नाव) रिकामं करा. मी म्हटलं, निदान दुसऱ्या डिस्कवर हलवतो. 'गरज नाही सर, जुने लॉग आहेत.' आणि मी शहाण्याने आरएम मारला, फाइली कायमच्या उडवल्या. सर्व्हर चालू होईना, व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड सापडत नाही म्हणे. त्यावर त्याचा उपाय: पीजी_रिसेटएक्सलॉग (त्या फाइली पुसून नव्याने सुरुवात करणारं टूल), तेही फोर्स लावून. तेही मी केलं.

सर्व्हर उठला, आम्ही चहा घेतला. सकाळच्या संकलनाला एकाच पावती नंबरच्या दोन ओळी दिसल्या, युनिक इंडेक्स (डुप्लिकेट अडवणारा) असताना! डम्प (सगळ्या डेटाची निर्यात) व्यवस्थित निघाला, पण रिस्टोर करताना इंडेक्स बनेना, की डुप्लिकेट. चार दिवस कागदी पावत्या समोर ठेवून कुठली ओळ खरी ते ठरवत बसलो. रिसेटनंतर डेटा विसंगत असू शकतो, लगेच डम्प घेऊन नव्याने भरा, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, आणि त्याने तर नक्कीच नाही. पण त्याला किती शिव्या घालू? कुठलीही कमांड देण्याआधी सर्व्हर बंद असताना अख्ख्या डेटा डिरेक्टरीची कॉपी घ्यायची, एवढं एक काम मी केलं असतं तर दुसऱ्या कुणाकडे तरी ती घेऊन जाता आलं असतं. 'लॉग' वाचून लोक फोल्डर साफ करतात म्हणूनच 2017 साली आवृत्ती 10 मध्ये पीजी_एक्सलॉगचं पीजी_वॉल झालं. तरी तुमचे सपोर्टवाले अजून तिथेच.

माझं मत, पटलं तर घ्या (मी डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा नाही, बॅकएंडवाला आहे): करारात 'प्रतिसाद' या शब्दाला काही किंमत नाही. रिन्यू करण्याआधी रात्री अकराला एक टेस्ट तिकीट टाका, डिस्क भरली असं लिहून, आणि उत्तरात स्लॉटचं नाव निघतं का बघा. नाही निघालं तर ते पैसे मोठ्या डिस्कवर घाला.

मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज (स्लॉटने जास्तीत जास्त किती वॉल फाइली धरायच्या ते सेटिंग) लावा. आवृत्ती 13 पासून आहे, पण डीफॉल्ट उणे 1, म्हणजे मर्यादाच नाही. मर्यादा ओलांडली तर रेप्लिका तुटेल, प्रायमरी (मुख्य सर्व्हर) वाचेल. शिवाय त्याच पार्टिशनवर पाच जीबीची एक डमी फाइल टाकून ठेवा. डिस्क भरून सर्व्हर पडलाच तर उडवायला हक्काची ती एक फाइल असते.

आणि स्लॉट काढण्याआधी त्या व्ह्यूचं आउटपुट कुठेतरी कॉपी करून ठेवा, सपोर्टशी भांडताना लागेल.