उघड्या वीटकामावर वाळलेला सिमेंटचा माल विटा खराब न करता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की दर्शनी भिंतीला प्लास्टर न करता विटा तशाच ठेवल्यात, काम होऊन महिना उलटलाय, विटांवर मालाचे गोळे आणि ओघळ वाळून बसलेत, आणि गवंडी म्हणतोय ‘ॲसिड मारू, एका दिवसात साफ’. गवंड्याला तूर्त थांबवा. ॲसिडने, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडने, डाग जातात हे खरं आहे, पण विटेवर सांडलेला माल कुठला आणि सांध्यात भरलेला कुठला, हे ॲसिडला कळत नाही. ते दोन्ही खातं. जाड गोळ्यावर ओतलं तर गोळा वरवर विरघळतो आणि बाकीचं ॲसिड खाली ओघळून चांगल्या विटांवर जातं. नऊ-दहा आणे काम कोरडंच होतं, आणि तेच आधी करायचं.

आपल्याकडची हाताने पाडलेली भट्टीची वीट मऊ असते. मातीत राख, भाताचं तूस मिसळलेलं असतं, ते भट्टीत जळून जातं आणि आत बारीक छिद्रं राहतात. भारतीय मानक आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेने २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी चालतं, यावरून ती किती शोषते ते बघा. भट्टीत वरचा पृष्ठभाग जास्त कडक भाजला जातो. विटेचा रंग आणि पावसाला तोंड देण्याची ताकद त्या सालीतच असते. साल उडाली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो आणि तो परत झाकता येत नाही. त्यात माल एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, असा असेल तर तो बऱ्याचदा विटेपेक्षाही कडक होतो, म्हणून जोर लावला की माल जागेवर राहतो आणि विटेचा टवका निघतो.

सुरुवात गोळ्यांपासून करा. साधारण इंचभर रुंद, चपट्या तोंडाची छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. छिन्नी भिंतीत रोखून धरू नका, जवळजवळ आडवी, भिंतीला समांतर धरा. गोळ्याच्या मधोमध न मारता कडेला, जिथे माल विटेला भेटतो तिथे धार टेकवा आणि टक टक असे हलके ठोके द्या. आवाज आधी घट्ट येतो, मग एकदम पोकळ होतो. तो पोकळ आवाज आला की गोळा सुटलाय. तिथे छिन्नी तरफेसारखी उचकटू नका, दुसऱ्या कडेने एक ठोका द्या, तो अख्खा पडतो. विटेच्या कडा आणि कोपरे सगळ्यात आधी फुटतात, त्यामुळे ठोका नेहमी विटेच्या आतल्या बाजूकडे जाईल असा द्या, कडेकडून बाहेर नको. भिंत या वेळी कोरडीच असू द्या. ओली वीट आणखी मऊ पडते.

गोळे गेल्यावर पातळ थर राहतो. त्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते त्याच विटांचं एक अद्धं, म्हणजे तुटलेली अर्धी वीट. साइटवर पडलेलंच असेल. ते थरावर गोल गोल घासा. दोन्ही सारख्याच कडक असल्याने भिंतीवर ओरखडे दिसत नाहीत, आणि पडणारी भुकटी विटेच्याच रंगाची असल्याने उरलेला पांढुरका थरही त्यात मिसळून जातो. मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने झाडून घ्या. लोखंडी तारेचा ब्रश मात्र नको. त्याच्या तारांचे कण विटेच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात भिंतीवर गंजाचे ठिपके उठतात. ग्राइंडर आणि वाळूचा फवारा तर अजिबातच नको, साल सरळ निघून जाते.

एवढं करूनही चिवट डाग राहिले तरच ॲसिडकडे वळा. आधी भिंतीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा दोन-तीन विटांवर करून बघा आणि पूर्ण वाळेपर्यंत दोन दिवस थांबा, कारण पिवळे ओघळ वाळल्यावरच दिसतात. बाजारातल्या पिवळसर ॲसिडमध्ये लोह असतं, त्यानेही हे डाग पडतात, म्हणून शक्यतो रंगहीन घ्या. एका भागाला किमान दहा भाग पाणी, आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. प्लास्टिकची बादली, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. सकाळी, भिंतीवर ऊन यायच्या आत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंत आधी वरपासून खालपर्यंत भरपूर भिजवा, वीट पाणी प्यायची थांबेपर्यंत. कोरडी वीट ॲसिड आत ओढून घेते. ब्रशने फक्त डागावर लावा, बुडबुडे थांबले की, म्हणजे तीन-चार मिनिटांत, धुऊन काढा आणि पाणी पुष्कळ वापरा. बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून एक हात फिरवा आणि परत साध्या पाण्याने धुवा, नाहीतर सोड्याचेच पांढरे डाग पडतील.

खिडकीखाली कडप्पा किंवा ओट्याला शहाबादी फरशी असेल तर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करा. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिडचा एक थेंबही त्यांची झिलई कायमची घालवतो. ग्रिल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि खालच्या कुंड्याही झाका. संडासाचा क्लीनर ‘त्यातही ॲसिडच असतं’ म्हणून वापरू नका, त्यातला रंग विटेत उतरतो.

जुन्या वाड्याची भिंत असेल तर ॲसिड नावालाही नको. तिथे सांध्यात चुना असतो, तो समोर फसफसून जातो आणि भिंतच सैल होते. जांभ्याच्या चिऱ्यालाही नको, त्यात लोह भरपूर आहे.

धुतल्यानंतर काही दिवसांनी पांढरी पूड दिसली तर घाबरून पुन्हा ॲसिड मारू नका. तो सिमेंटचा डाग नसतो, आतलं पाणी सुकताना बाहेर आलेला खार असतो. कोरड्या ब्रशने झाडा, दोन-तीन वेळा येऊन तो आपोआप कमी होतो.

कुंपणाची भिंत अजून बांधायची आहे असंही तुम्ही म्हणताय. तिथे गवंड्याला सांगा, ओल्या मालावर ओला बोळा फिरवायचा नाही, त्याने सिमेंटचं पाणी विटेत मुरतं. माल अंगठ्याने दाबला तर ठसा उमटेल पण बोटाला लागणार नाही इतका घट्ट झाला की करणीच्या कडेने खरवडायचा, आणि त्याच संध्याकाळी कोरड्या गोणपाटाने भिंत पुसून घ्यायची. काम थांबलं की परांचीची भिंतीकडची फळी उलटी करून ठेवायला सांगा. पाऊस आला तर तिच्यावर सांडलेला माल उडून भिंतीवर बसतो, आणि खालच्या चार-पाच थरांवरचे डाग बहुतेक वेळा तिथूनच आलेले असतात.