सरस्वतीपूजन, प्रतिज्ञा आणि दुसरीतला मुलगा

दसऱ्याच्या सुमारास बौद्ध पालक मला हमखास विचारतात, 'शाळेत सरस्वतीपूजन असतं. मुलाला काय सांगून पाठवायचं?' गेल्या दसऱ्यानंतर जिल्हा परिषद शाळेत दुसरीला असलेल्या एका मुलाची आई हाच प्रश्न घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलाचं रोज सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायला त्याला आवडे, पण पूजेला हात जोडायचे नाहीत, असं वडिलांनी बजावलं होतं. तो हात मागे बांधून उभा राहिला. शेजारचा म्हणाला, 'देवी तुला नापास करील.' बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, 'का रे?' त्याला उत्तर देता येईना.

वडिलांचं चुकत नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तिसरीच देवदेवतांची उपासना न करण्याची आहे. पणजोबांपासून त्या घरात ती पाळली जाते. ती सैल करा, असं मी कुणालाही सांगत नाही. पण भर वर्गात तिचा जाब सात वर्षांच्या मुलानं का द्यावा? ते मोठ्यांनी बोलायचं असतं, आणि बोलायला आधारही आहे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही.

आईवडील दोघंही बाईंना भेटले. कलम नंतर सांगा, आधी पोटदुखी सांगा, असं मी सुचवलं होतं. बाईंना वाटलं होतं, पोरगा हट्ट करतोय. ऐकून त्या हळहळल्या.

मुलाला आम्ही एवढंच वाक्य दिलं: 'आमच्या घरी बुद्धवंदना असते, म्हणून मी पूजा करत नाही.' 'देवी खोटी' हे त्यात नको, हे वडिलांना पटायला वेळ लागला. मित्राची श्रद्धा दुखावली की मधल्या सुट्टीत भांडण ठरलेलंच. चित्र काढू द्यावं का, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, खुशाल काढू द्या, त्याला आकडे जुळवायची हौस आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पोटदुखी बरीच कमी झाली. सोमवारी मात्र अजून कुरबुर असते. शाळेत पूजाच नको, यासाठी वडिलांचं मुख्याध्यापकांशी बोलणं सुरू आहे. तो त्यांचा हक्क आहे. आता ते मुलाला सोबत न नेता एकटेच जातात.