कोल्हापुरात १८ वर्षांखालच्या मुलांना रात्री बाहेर फिरायला बंदी असावी का?

नको. सरसकट बंदीत सापडणार कोण? क्लास सुटल्यावर केएमटीच्या (शहर बसची) वाट बघत थांबलेली पोरगी, नाहीतर वडिलांचा वडापावचा गाडा आवरून, पातेली सायकलला अडकवून घरी निघालेला पोरगा. रंकाळा तलावावर रात्री सुसाट गाड्या पळवणाऱ्या पोरांचा त्रास खरा आहे, पण त्याला कायदा आहेच की! मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. ते आधी नीट राबवा. आणि गणपतीत देखावे बघायला अख्खं गाव रात्री रस्त्यावर असतं, तेव्हा पोरांना घरात कोंडणार काय?