१४० मेल, शून्य बातमी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात धरमपेठेतल्या एका लहान पीआर (जनसंपर्क) एजन्सीत तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लागलात. क्लायंट तिथल्याच मिहान या औद्योगिक परिसरातली स्टार्टअप आहे, ती संत्र्याच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र बनवते. मुंबई, बंगळुरू, दिल्लीच्या १४० तंत्रज्ञान पत्रकारांना तुम्ही प्रेसनोट पाठवली. बातमी एकही नाही. उत्तर एकच, तेही 'मला यादीतून काढा' असं. आणि आता साहेब विचारताहेत, यादी ५०० ची करू या का?

नका करू बाप्पा.

मी ११ वर्षं वर्तमानपत्रात काढली, त्यातली ५ तंत्रज्ञानाच्या पुरवणीवर. गेली ९ वर्षं तुमच्याच धंद्यात आहे. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, म्हणून जरा लांबण लावतो.

प्रेसनोट इथे चिकटवलीत ते बरं केलंत. तिचं पहिलं वाक्य: 'विदर्भातील अग्रगण्य कृषी-तंत्रज्ञान कंपनीने आपल्या क्रांतिकारी, एआय-आधारित प्रणालीची घोषणा केली.' खरं सांगा, हे कोणासाठी लिहिलं? पत्रकारासाठी नाही. क्लायंटने वाचून मान डोलवावी आणि 'पाठवा' म्हणावं म्हणून लिहिलं. आपल्या धंद्याचं मूळ दुखणं हेच आहे: पाठवतो पत्रकाराला, लिहितो मालकाला. यादी वाढवून ते जात नाही, उलट जास्त लोकांना दिसतं.

पुरवणीवर असताना सकाळी मेल उघडला की मी विषयाची ओळ आणि फार तर पुढची दोन वाक्यं वाचायचो. 'अग्रगण्य' दिसलं की बोट आपोआप डिलीटवर जायचं. माज नव्हता तो, पान लावायचं असायचं. २००७ मध्ये 'वायर्ड' मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन इतके कावले की त्यांनी न वाचता मेल टाकणाऱ्या पीआरवाल्यांचे शेकडो ईमेल पत्ते आपल्या ब्लॉगवर जाहीर करून टाकले आणि हे सगळे ब्लॉक केलेत म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: मी कशावर काम करतो हे बघायची तसदी ज्याने घेतली, त्यानेच लिहावं. आज मेलच्या जोडीला व्हॉट्सॲप आहे, म्हणजे कावायची सोय दुप्पट.

आता तुमच्या नोटेकडे येतो. चौथ्या परिच्छेदात एक ओळ पुरून ठेवली आहे: 'काही बागायतदार ताण सोडण्याचा निर्णय यंत्रावर बघून घेतात.' अहो, बातमी ही आहे! बाकी सगळं बारदान.

इथे विदर्भाबाहेरचेही वाचताहेत म्हणून सांगतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरच्या सुमाराला संत्र्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, आणि जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलतं. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाडच खंगतं. किती दिवस ताण द्यायचा ते जमिनीवर आहे. हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून वेळ लागतो. काटोल-नरखेडचा बागायतदार हे पानं मलूल झाली का ते बघून ठरवत आलाय. तिथे कोणी एक आकडा आणून ठेवला, आणि शेतकरी डोळ्यावर विश्वास ठेवू की आकड्यावर या पेचात पडला. ही गोष्ट बंगळुरूच्या पत्रकारालाही कळते, त्याने संत्र्याचं झाड कधी पाहिलं नसलं तरी.

मी मेल असा लिहिला असता. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे टाका.

विषय: संत्र्याचा ताण कधी सोडायचा? काटोलच्या ३० पैकी १९ बागायतदारांनी यंत्र बघून ठरवलं

'नमस्कार. ठिबकच्या स्वयंचलित यंत्रणांवरचा तुमचा मागच्या महिन्यातला लेख वाचला. शेतकरी यंत्र बसवतो पण त्यावर विसंबत नाही, हा तुमचा मुद्दा आम्हालाही इथे दिसतो. ३० बागांत आमच्या क्लायंटचं ओलावामापक यंत्र दोन हंगाम चाललं. १९ जणांनी ताण त्यावर बघून सोडला, ११ जणांनी शेवटी पानंच बघितली. दोन्ही गटांतले शेतकरी बोलायला तयार आहेत. यंत्राची किंमत, नोंदी आणि ते कुठे चुकलं याची माहिती देतो. बागेत यायचं असेल तर ताण सुटायच्या आधीचे दोन आठवडे योग्य.'

संपलं. त्या ११ जणांमुळेच हा मेल उघडला जाईल. तुमचे साहेब नेमके तेच खोडतील.

म्हणून खरा पिच, म्हणजे बातमी गळी उतरवणं, आधी साहेबापुढे करावा लागतो. पत्रकाराला पटवणं त्यामानाने सोपं. 'सर, ही बातमी नाही' हे क्लायंटच्या तोंडावर सांगताना जीभ जड होते, कारण महिन्याचं बिल तोच देतो. मी एकच प्रश्न विचारतो: हीच नोट तुमच्या प्रतिस्पर्ध्याने काढली असती, तर तुम्ही ती शेवटपर्यंत वाचली असती का? बहुतेक वेळा समोरचा हसतो आणि नवा लोगो, ऑफिसचं उद्घाटन, पैसे भरून मिळालेला पुरस्कार असल्या नोटा तिथेच मरतात. सगळ्याच नाही. काही पाठवाव्या लागतात, त्या मी स्थानिक पानांपुरत्या पाठवतो आणि कोणाला फोन करत नाही.

'एआय-आधारित' या शब्दाची तयारी करून ठेवा. जाणता पत्रकार पहिला प्रश्न हाच टाकेल: मॉडेल कोणतं, कशाच्या नोंदींवर शिकवलं, की ओलावा अमुकच्या खाली गेला की मेसेज जातो एवढंच आहे? एवढंच असेल तर तसं सांगा आणि एआय काढून टाका. साधं यंत्र चांगलं चालतं यात लाज कसली? आणि पडताळा कुठे घेता येईल तेही सुचवा. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, पत्रकार तिथल्या शास्त्रज्ञांना स्वतः विचारू शकतो. फक्त त्यांच्या नावाने तुम्ही काही बोलू नका.

१४० पैकी किती उरतील? माझ्या अंदाजाने आठ-दहा. प्रत्येकाच्या शेवटच्या दहा बातम्या वाचा. मोबाइल तपासून लिहिणाऱ्याला ओलावामापकाशी घेणं नाही, स्टार्टअपच्या गुंतवणुकीवर लिहिणारा पैशाचा आकडा नसेल तर हलत नाही. वाचायला दोन दिवस जातात. जाऊ द्या.

एक्सक्लुझिव्हवरून माझी फजिती सांगतो. पीआरमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी एका क्लायंटची बातमी मी एका बातमीदाराला 'फक्त तुम्हालाच' म्हणून दिली. तीन दिवस उत्तर नाही. घाबरून दुसऱ्याला तसंच सांगितलं. दोघांनी एकाच सकाळी छापली. पहिल्याने फोन करून एवढंच म्हटलं, 'वा भाऊ.' पुढची दोन वर्षं माझा मेल त्याने उघडला नाही. आता मी मुदत घालून देतो: गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरीकडे विचारतो. याचा कोणालाच राग येत नाही.

एम्बार्गोचंही, म्हणजे 'अमुक वेळेआधी छापू नका' या अटीचंही, तसंच. समोरच्याने आधी 'हो' म्हटलं तरच तो एम्बार्गो, मेलच्या वर लाल अक्षरांत लिहून तो लागू होत नाही. डिसेंबर २००८ मध्ये टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाच्या मायकेल अ‍ॅरिंग्टन यांनी यापुढे एम्बार्गो पाळणार नाही असं जाहीरच केलं होतं. एका लहान यंत्रासाठी तुम्हाला त्याची गरजही नाही.

नागपुरातल्या पत्रकारांसाठी वेगळी अडचण आहे. ताणाचा हंगाम आणि हिवाळी अधिवेशन दोन्ही डिसेंबरात. तेव्हा इथले बातमीदार विधानभवनात असतात. त्या आठवड्यांत पत्रपरिषद ठेवलीत तर तर्री-पोहे तुम्हीच खाल. स्थानिकांना नोव्हेंबरात गाठा किंवा जानेवारीत फुलोरा आल्यावर. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, मेलमध्येच द्या. श्रीलिपी-कृतिदेव अशा जुन्या फाँटमधली फाइल समोर उघडली की किडे-मुंग्या दिसतात आणि स्कॅन केलेली पीडीएफ कोणी टाइप करत बसत नाही. फोटो बागेतला हवा, दीपप्रज्वलनाचा नको. संध्याकाळी पान लावायच्या वेळी फोन नको. आठवण एकदाच, तीन दिवसांनी, तीही नवीन काही सांगायला असेल तर.

आणि ज्यांनी 'काढा' म्हटलं त्यांना 'काढलं, क्षमस्व' एवढंच लिहा आणि खरोखर काढा. साहेबांच्या लॅपटॉपवर त्या यादीची दुसरी प्रत असणार, तीही तपासा.