ज्वालामुखीची ‘राख’ आणि जांभ्याची भोकं

प्रश्न दुहेरी आहे. ज्वालामुखीत लाकूडफाटा जळत नाही, मग ‘राख’ हा शब्द कसा? आणि आपल्या जांभ्याची भोकं ज्वालामुखीच्या वायूंचीच ना?

‘राख’ हा शब्द रंगरूपावरून आला. चुलीतली राख जळून उरलेली, पाण्यात कालवली की बुळबुळीत, म्हणून भांड्यांचा ओशटपणा काढते. ज्वालामुखीची राख म्हणजे २ मिलिमीटरहून बारीक खडकाचा आणि काचेचा चुरा. तिची राखुंडी केलीत तर हिरड्या सोलून निघतील.

हा चुरा बहुतेक वेळा वायू करतात. खोलवर, दाबाखाली, शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड मुरलेले असतात. शिलारस वर येताना दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. नुसत्या पाण्यातले बुडबुडे फुटून जातात, पेज मात्र उतू जाते. चिकट शिलारसाचं पेजेसारखं होतं: फेस फुगतो, फुटतो आणि बुडबुड्यांच्या भिंतींच्या ठिकऱ्या आभाळात उडतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक कणांच्या कडा बाकदार दिसतात. फेस तसाच थिजला की प्यूमिस, पाण्यावर तरंगणारा दगड. (समुद्रफेस वेगळा, तो म्हाकुलाच्या अंगातला.)

‘राख’ रुळलाय, राहू दे. ‘धूर’ मात्र नको. १९८२ मध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या बोइंग ७४७ची चारही इंजिनं बंद पडली. काच आत वितळते आणि पात्यांवर थिजून बसते. धुराने असं होत नाही. इंजिनं पुढे सुरू झाली, हे नशीब.

आता जांभा. कोकणातला बराचसा जांभा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ, कुजून झालेला. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह-अॅल्युमिनियम मागे राहिलं, मऊ माती निघून गेली तिथे भोकं पडली. वायूचा त्यात हात नाही. ती वेडीवाकडी, एकमेकांत उघडणारी असतात. चिऱ्यावर पाणी ओता, आत जिरतं. वायूची भोकं पाहायची तर काळ्या कातळात: गोल किंवा बदामासारखी, सुटी सुटी, पुष्कळदा झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने किंवा गारेने भरलेली. लाव्हाच्या थरात ती वरच्या अंगाला दाट, कारण बुडबुडे वर चढता चढता थिजतात. आंबोळीचंही तसंच, जाळी वरच्या बाजूला. म्हणून या भोकांना ‘जाळी’ म्हणायला माझी हरकत नाही. जांभ्याच्या भोकांना मात्र तो शब्द लावू नये.